माती कशाची, गुलाबाची की घासलेटची?

कुंभारआळीच्या विहिरीला घासलेटचा वास येत होता, आणि बोरखडीचे राजेसाहेब म्हणत होते, "छे! गुलाबाचा येतो!"

झालं होतं असं. राजवाड्यात विजेचे दिवे आले. मग वीस वर्षं अंगणात पुरलेली घासलेटची टाकी हवी कशाला? काढली उपसून. बघतात तर काय, टाकीचं बूड गंजून चाळणी झालेलं! दिवाण सखोपंतांनी हुकूम सोडला, "निघालेली माती लोटा परत खड्ड्यात, वर बाग करा."

राजवाड्याखालच्या उतारावर कुंभारआळी. तिथली म्हाळसा कुंभारीण पदर खोचून थेट दरबारात आली.

"सरकार, त्या मातीत घासलेट मुरलंय. पाऊस पडला की उरलंसुरलं आमच्या विहिरीत! आत्ताच पाणी तोंडात धरवत न्हाई. माझी धाकटी चार दिस ओकतीया. ती माती लांब न्या!"

"दिवाणजी, माती तपासा!" राजेसाहेब म्हणाले.

दिवाणजींनी तपासली, अगदी रीतसर! ढिगाच्या वरवरची, उन्हात सुकलेली मूठभर माती घेतली, चांदीच्या तबकात घातली आणि वर गुलाबपाणी शिंपडलं. राजवाड्याचा रिवाजच तसा. सरकारांच्या नाकासमोर काहीही यायचं तर आधी गुलाबपाणी! घोडा आला, शिंपडा. फिर्यादी आला, शिंपडा. म्हाळसेच्या अंगावरही दोनदा शिंपडून झालं होतं.

राजेसाहेबांनी तबक हुंगलं. "वा! काय सुवास! माती चोख आहे. शुक्रवारी खड्डा बुजवा."

"सरकार, अहो, पर..."

"पण नाही नि बिण नाही! एकदा बोललो ते बोललो!" राजेसाहेब हट्टाला पेटले की त्यांच्या मिशासुद्धा ताठ व्हायच्या. "तुला एवढी खात्री आहे ना? मग ती माती वाईट आहे असं माझ्याच तोंडून वदवून दाखव! मात्र तू मातीची निंदा करायची नाहीस. एक अक्षरसुद्धा नाही! गुरुवारपर्यंत मुदत. नाही जमलं, तर पुन्हा तक्रार घेऊन इथली पायरी चढायची नाही."

दरबार खुसखुसला. राजाला स्वतःची चूक कबूल करायला लावायची, तीही मातीला नावं न ठेवता? त्यापेक्षा रेड्याचं दूध काढणं सोपं!

म्हाळसा घरी गेली. धाकटीच्या कपाळावर हात ठेवला, तिला शेजारणीच्या हवाली केलं आणि टोपली घेऊन खड्ड्यात उतरली. ढिगाकडे तिनं ढुंकून पाहिलं नाही. टाकीचं बूड टेकलं होतं, बरोबर तिथं ती ढोपरभर खोल खणत गेली.

गुरुवारी राजेसाहेबांचा वाढदिवस होता. वाढदिवसाला पहिलं औक्षण कुंभारणीचं, कारण पणत्या तिच्या घरच्या. हा मान तिच्या आजेसासूपासूनचा. राजेसाहेब पाटावर बसले. म्हाळसा ताट घेऊन पुढं झाली. दिवाणजींनी सवयीनं गुलाबदाणी उचलली.

"अवो दिवाणजी, दिव्यावर नका शिंपडू! इझला तर अपशकुन हुईल!"

दिवाणजींनी गुलाबदाणी पाठीमागं लपवली. म्हाळसेनं वात पेटवली आणि ओवाळायला सुरुवात केली. एकदा, दोनदा... तिसऱ्यांदा काळ्या धुराचा लोट थेट राजेसाहेबांच्या नाकात!

"खॉक! खॉक! अगं, हे काय? औक्षणाच्या दिव्यात घासलेट?"

"न्हाई सरकार! थेंबभर घातलं असंल तर हात तोडा."

"मग तूप आहे?"

"गरिबाकडं कुठलं तूप?"

"तेल?"

"त्येबी न्हाई."

"मग पेटलंय काय, तुझं कपाळ?"

"सरकारांची चोख माती!" म्हाळसा हात जोडून म्हणाली. "तुमच्या खड्ड्यातली. कोरडी वात अन् ती माती, दुसरं काय बी न्हाई. सरकार म्हणाले होते, लई सुवासिक हाय!"

राजेसाहेबांनी पणती हातात घेतली. आत सगळी माती! आणि ती ढणाढणा जळत होती.

"दिवाणजी!" राजेसाहेब गरजले. "ही माती पार घासलेटनं नासलीय! ही विहिरीजवळ ठेवायची म्हणजे..." आणि ते मध्येच थांबले.

म्हाळसा खाली मान घालून उभी होती. मातीच्या निंदेचं एक अक्षर बोलली नव्हती.

राजेसाहेबांची आधी मिशी हलली, मग पोट हललं, आणि मग ते असे हसले की फेटा गळ्यात आला. "वदवलंस गं बाई, माझ्याच तोंडून वदवलंस! माती आजच गावाबाहेर, खडकावर हलवा. विहीर उपसून घ्या. आणि ती निवळेपर्यंत कुंभारआळीला राजवाड्याच्या विहिरीचं पाणी! हिच्या लेकीला आपले वैद्य. हिला साडीचोळी नि चांदीचे तोडे!"

"पण सरकार," दिवाणजी कुरकुरले, "खणायचं तरी किती खोल? ते कोण ठरवणार?"

"दिवा ठरवंल!" म्हाळसा म्हणाली. "रोज तळाची माती पणतीत भरायची, वात लावायची. पेटली, तर आणखी खणा. ज्या दिशी पेटायची न्हाई, त्या दिशी थांबा."

"ऐकलंत, दिवाणजी?" राजेसाहेब डोळे पुसत म्हणाले. "रोज सकाळी खड्ड्यात उतरून पणती तुम्ही लावायची. आणि गुलाबदाणी इथं ठेवून जायची!"

बाराव्या दिवशी धोतर चिखलानं भरलेले दिवाणजी खड्ड्यातून ओरडतच वर आले, "विझला! सरकार, विझला!"

आणि दिवा विझला म्हणून बोरखडीत त्या दिवशी पहिल्यांदाच पेढे वाटले गेले.