शाल पांघरलेलं मशीन

अकोल्याचा मे महिना, आणि सभापती भाऊसाहेब खडतकरांचा एसी काही केल्या खोली गार करीना.

"मशीन खराब दिलंस! नवं बसव, नाहीतर तुझं दुकानच बंद करतो," ते गरजले.

एसी विकणारी मेकॅनिक कांचन ढोमणे गच्चीवर जाऊन आली. धूळ बसू नये म्हणून बाहेरच्या युनिटला सत्काराची शाल घट्ट गुंडाळलेली होती.

"ती शाल काढा, साहेब."

"मानाची शाल आहे! तिनं काय बिघडतंय?"

"मग तशीच दुसरी नाकातोंडावर गुंडाळून पाच मिनिटं भाषण करा. जमलं, तर नवं मशीन माझ्याकडून."

'बंधू आणि भगिनींनो' म्हणेपर्यंतच भाऊसाहेब घामाघूम झाले. त्यांनी तोंडावरची शाल ओढून फेकली.

कांचन म्हणाली, "तुम्हाला हात होते, साहेब. त्या बिचाऱ्याला तेही नाहीत."