पिटकी आणि तांबडा बल्ब

एक होती पाल. इवलीशी, करंगळीएवढी. नाव तिचं पिटकी.

पिटकी राहायची इंदूआत्याच्या घरात. भिंतीवर होता एक तांबडा बल्ब. जुना, गोल गोल. तो पेटला की चिलटं यायची. पिटकी जीभ काढायची. गट्टम! झालं जेवण.

आज संध्याकाळ झाली, पण बल्ब पेटलाच नाही. एकही चिलट आलं नाही. पिटकीच्या पोटात कावळे ओरडायला लागले. एवढ्याशा पोटात कावळे कसे मावले, कोण जाणे!

पिटकी निघाली. सरसर सरसर, थांब. सरसर सरसर, थांब. गेली बल्बाकडे.

"बल्बदादा, बल्बदादा, पेट ना! चिलटं येईनात, माझं पोट भरेना."

बल्ब म्हणाला, "मी कसा पेटू? माझ्या पोटात बारीक तार आहे. ती तापली तर मी पेटेन."

पिटकीने काचेला नाक लावलं. आत खरंच तार होती. केसासारखी बारीक.

"तारताई, तारताई, ताप ना! बल्ब पेटेना, चिलटं येईनात, माझं पोट भरेना."

तार म्हणाली, "मी कशी तापू? मी तर गारठलेय. वीज धावली तर मी तापेन."

सरसर सरसर, थांब. सरसर सरसर, थांब. पिटकी भिंतीवरून खाली आली. विजेला शोधत आली.

"वीजबाई, वीजबाई, धाव ना! तार तापेना, बल्ब पेटेना, चिलटं येईनात, माझं पोट भरेना."

वीज म्हणाली, "मी कशी धावू? माझी वाट मध्येच तुटलीय. बटण दबलं तर वाट जुळेल. मग बघ कशी धावते!"

सरसर सरसर, थांब. लाकडी फळीवर होतं एक काळं बटण. नाक वर करून बसलेलं.

"बटणराव, बटणराव, दबा ना! वीज धावेना, तार तापेना, बल्ब पेटेना, चिलटं येईनात, माझं पोट भरेना."

बटण म्हणालं, "मी आपोआप कसं दबू? बोटाने दाबलं तर दबेन."

बोट तिथेच होतं. इंदूआत्याचं बोट. आत्या खिडकीशी उभी राहून शेजारच्या मालतीकाकूंशी बोलत होती. पापडांवरून लोणच्यांवर गेली. लोणच्यांवरून कुणाच्या तरी लग्नावर गेली. हात मात्र फळीवरच विसरलेला.

"बोटोबा, बोटोबा, दाबा ना! बटण दबेना, वीज धावेना, तार तापेना, बल्ब पेटेना, चिलटं येईनात, माझं पोट भरेना."

बोट म्हणालं, "मी कसं दाबू? मी आत्याचं बोट. आत्या हलवेल तर हलेन."

आता काय करायचं? आत्या तर केवढी मोठी! पिटकीला भीती वाटली. पण भूक भीतीपेक्षा मोठी होती. सरसर सरसर, थांब. गेली आत्याच्या कानाजवळ.

"आत्या, आत्या, बोट हलव ना! बोट दाबेना, बटण दबेना, वीज धावेना, तार तापेना, बल्ब पेटेना, चिलटं येईनात, माझं पोट भरेना."

आत्याला पालीची भाषा कुठली कळायला? तिला ऐकू आलं एवढंच,

चुक चुक चुक!

आणि पाल चुकचुकली की आत्या काय करते? "कृष्ण कृष्ण" म्हणते आणि बोटाने टकटक करते. तिची आई करायची, म्हणून तीही करते.

आत्या म्हणाली, "कृष्ण कृष्ण." बोट उचललं आणि समोर दिसेल तिथे आपटलं.

टक!

आत्याने बोट हलवलं.
बोटाने बटण दाबलं.
बटण दबलं, वाट जुळली.
वीज धावली, सुर्रर्र.
तार तापली, लाल लाल.
बल्ब पेटला, तांबडा तांबडा.
चिलटं आली, भिरभिर भिरभिर.
पिटकीने जीभ काढली.

गट्टम! गट्टम! गट्टम!

"अगबाई, दिवा लागला," आत्या म्हणाली. दिवा लागला की हात जोडायचे असतात. आत्याने हात जोडले.

बल्बाखाली बसली होती पिटकी. तिला वाटलं, आत्या आपल्यालाच नमस्कार करतेय. तिलाही काहीतरी छान म्हणायचं होतं.

पण म्हणणार कसं? तोंडात चिलट होतं ना!

पिटकीचं पोट भरलं, गोष्टीचंही पोट भरलं.