शकूच्या मुहूर्ताची दोन घड्याळे

वैशाख शुद्ध पंचमी. ऊन कडक, पण मांडवात वारा खेळत होता. घड्याळे आपसांत बोलत असत, त्या काळची ही गोष्ट.

शकूच्या लग्नात वेळ सांगायचा मान वामनमामांचा होता. मुहूर्त अकरा बेचाळीसचा. मामांच्या मनगटावर नवे, महागडे क्रोनोग्राफ, म्हणजे शर्यतीची वेळही मोजणारे घड्याळ होते: मोठ्या तबकडीत तीन छोट्या तबकड्या, कडेला दोन बटणे. शेजारी कुसुमआत्याच्या हातात साधे घड्याळ.

"काय रे, दोनच काटे?" क्रोनोग्राफने विचारले.

"घरात माणसं कमी असली की कोण काय बोललं ते लगेच कळतं," साधे घड्याळ म्हणाले.

मंगलाष्टके सुरू झाली. मामांनी पाहिले, तर मधला लांब काटा बारावर गप्प उभा. "बंद पडलं वाटतं," ते पुटपुटले. "गुरुजी, अजून एक कडवं म्हणा."

क्रोनोग्राफ कासावीस झाले. "मी चालू आहे! तो काटा बटण दाबल्यावरच पळतो. पण यांना कोण सांगणार? पोरीचा मुहूर्त जाईल. आता तूच बघ, बाबा."

साध्या घड्याळाने उन्हाची तिरीप आत्याच्या डोळ्यांवर टाकली. तिने मनगटाकडे पाहिले. "वामनराव, शर्यतीचं घड्याळ राहू द्या. वेळ झाली. टाका अक्षता."

पंगतीत जिलेबीची पैज लागली. मामांनी सहज बटण दाबले आणि लांब काटा पळत सुटला.

"पळ, पळ," साधे घड्याळ हसत म्हणाले.

लग्न अकरा बेचाळीसला लागले. पैज नवरीने जिंकली: एका मिनिटात सात जिलेब्या.