न उचललेला विडा

वेळ दुपारी बाराची. स्थळ करंजगडचा दरबार. मधोमध चौरंगावर एक झाकलेले तबक होते. ते बारा वर्षे तिथेच होते आणि मानकरी त्याला वळसा घालून आपापल्या जागी बसत.

राजे वज्रदेव गरजले, "परमुलखातली आपली फौज परत आली पाहिजे. पण आपण माघार घेतली असं कुणाला म्हणता येता कामा नये! उपाय सांगा. सूर्य मावळेपर्यंत सुचला नाही, तर उद्या घरटी आणखी एक माणूस रवाना!"

पानांची टोपली घेऊन आलेली भिवरा तांबोळीण दारातच थबकली. दोन्ही दीर आधीच्या खेपांना गेले होते. घरात आता एकच पुरुष उरला होता, तिचा नवरा सटवाजी.

"सरकार, मी सांगते उपाय."

सेनापती हसले. "बाई, हे पान लावण्याइतकं सोपं नाही!"

"पान लावणंही सोपं नसतं, सेनापती. चुना जास्त झाला की खाणाऱ्याचं तोंड भाजतं, लावणाऱ्याचं नाही!"

राजांच्या मिशीखाली काहीतरी हलले. "बोल. पण चुकलीस, तर तुझा नवरा पहिल्या रांगेत!"

"आधी एवढं सांगा, आपली माणसं तिकडं गेली कशाला?"

"रुद्रसेन महाराज आपले मित्र," प्रधानजी म्हणाले. ते बारा वर्षांपूर्वीही प्रधानजीच होते. "त्यांना आपण हत्ती भेट दिला. हत्तीच्या राखणीला चाळीस शिपाई गेले. एवढंच!"

"मग?"

"त्यांचं शेजारच्या राजाशी जुंपलं. त्यात आपले दोन शिपाई पडले. मग उरलेल्या अडतिसांच्या राखणीला मी चारशे पाठवले," सेनापती म्हणाले.

"चारशेंना दाणागोटा लागतो," कोठारप्रमुख म्हणाले. "त्या वाटेच्या राखणीला दोन हजार."

"आणि नंतरचे चार हजार?"

सेनापतींनी कोठारप्रमुखांकडे पाहिले, कोठारप्रमुखांनी प्रधानजींकडे. शेवटी प्रधानजींनी घसा साफ केला. "इतकी माणसं पडल्यावर फौज परत बोलावणं बरं दिसलं नसतं."

"आणि हत्ती?"

"तो दुसऱ्याच वर्षी साखळी तोडून घरी आला की!" माहूत दारातून ओरडला. "गजशाळेत ऊस खातोय!"

राजे सरसावून बसले. "आणि रुद्रसेन?"

"ते सहा वर्षांपूर्वी वारले, महाराज," प्रधानजी म्हणाले. " त्यांच्या मुलानं शत्रूची मुलगी केली. लग्नाचं आमंत्रण आपल्यालाही होतं."

"मग आपली फौज लढतेय तरी कुणाशी?"

"ते विचारायला जासूद गेलाय, महाराज."

भिवरा सरळ चौरंगाकडे गेली आणि तिने तबकावरचे कापड ओढले. आत काळा पडलेला, कडकडीत वाळलेला एक विडा होता.

"हे काय?" राजांनी विचारले.

"त्या मोहिमेचा विडा, सरकार. जो उचलेल त्याची मोहीम. उचलेपर्यंत तबक हलवायचं नाही, ही या दरबाराची रीत. हा विडा माझ्या आईनं लावला होता. विडा उचलला की तांबोळ्याच्या घरी दरबारातून नारळ येतो. आई मरेपर्यंत त्या नारळाची वाट बघत होती!"

"सेनापती, विडा तुम्ही उचलला नाहीत?"

"मला वाटलं, प्रधानजींनी उचलला."

"मला वाटलं," प्रधानजी हळूच म्हणाले, "खुद्द महाराजांनीच..."

राजे छताची नक्षी पाहू लागले.

"म्हणजे ती मोहीम अजून सुरूच झालेली नाही, सरकार! जी सुरू झाली नाही, तिच्यातून माघार कसली?" भिवराने विडा उचलून कपाळाला लावला. "आता हा मी उचलला. मोहीम माझी, आणि काम एकच. फौज घरी आणायची! ती वेशीत शिरली की मोहीम फत्ते. नगारे वाजवा, तोरणं बांधा. कुणी माघार म्हणालंच, तर त्याला विचारा, विडा कुणी उचलला होता?"

मग राजे असे हसले की मुकुट सावरावा लागला. सेनापतींनी राजांकडे पाहून खात्री करून घेतली आणि तेही हसले.

"हिला नदीकाठचा पानमळा इनाम द्या! आणि नारळ एक नाही, दोन द्या. एक हिचा, एक हिच्या आईचा!"

पौषात फौज वेशीत शिरली. नगारे वाजले, तोरणे बांधली गेली, आणि सटवाजीने वेशीवर येणाऱ्या प्रत्येकाला पान दिले. त्याचा एक भाऊ त्या रांगेत होता.

गेले होते सहा हजार चारशे चाळीस. आले तीन हजार नऊशे बारा. ते भिवराच्या विड्याने आले, हे दरबाराच्या दप्तरात लिहिलेले आहे. उरलेले दोन हजार पाचशे अठ्ठावीस कोणाच्या विड्याने गेले होते, हे अजून कोणी सांगितलेले नाही.