साहेबांची मान कशासाठी हलली

गडहिंग्लजकडच्या एका शाळेत मिठारीबाई नववीच्या वर्गाला माहितीपट दाखवून वाद घालायला शिकवत. मध्येच चित्र थांबवून विचारत, "आत्ता तुम्हाला पटलं ते पुराव्यानं, की मागं वाजणाऱ्या सनईनं?"

संस्थेचे अध्यक्ष वाघचौरेसाहेब यांना हे खपेना. साहेब जातील तिथं त्यांचा शूटिंगवाला मागे असायचाच. त्याला घेऊन ते वर्गात आले आणि खुर्चीत बसत म्हणाले, "कॅमेरा खोटं बोलत नाही. घडलं तेच दाखवतो. त्यात वाद कसला शिकवता? उद्यापासून हा तास बंद."

"बरं साहेब. चहा घेणार ना?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी प्रसन्नपणे मान हलवली.

चहा येऊन संपेपर्यंत फिरदोस मुजावर या विद्यार्थिनीनं शूटिंगवाल्याकडून मघाशी वर्गात चालू असलेलं चित्रण मागून घेतलं. व्हरांड्यात बाईंचा एक नवा प्रश्न मोबाइलवर टिपला आणि दोन्ही तुकडे जोडले.

पडद्यावर बाई दिसल्या. "साहेब, हा तास पुढेही चालू ठेवू ना?" पाठोपाठ साहेबांची मान प्रसन्नपणे हलली.

साहेब ताडकन उठले. "मी मान चहासाठी हलवली होती."

"कॅमेरा खोटं बोलत नसेल, तर तुमची परवानगी मिळाली," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि बोलत असेल, तर पोरांना ते ओळखायला कुणी शिकवायचं?"

हसू आवरत साहेबांनी पुन्हा मान हलवली.

"ही चहासाठी की तासासाठी, साहेब?" फिरदोसनं विचारलं.

"दोन्हीसाठी," साहेब म्हणाले. "पण एवढं मात्र कापू नकोस."