माझं पिलू एकटं निजेना

चीं. चीं. चीं.

फार फार वर्षांपूर्वी एका बांधाखालून असा आवाज यायचा. तो बांध आता सपाट झाला. आवाज ऐकणारेही गेले. पण आवाज होता.

बांधाखाली एक बीळ होतं. बिळात एक उंदरी राहायची. नखाएवढी. म्हणून तिचं नाव नखुली.

नखुलीला पाच पिलं झाली. मग थंडी पडली. चार पिलं गेली. एक उरलं.

त्याच्या अंगावर केस नव्हते. त्याचे डोळे उघडले नव्हते. ते नखुलीच्या पोटाला चिकटून निजायचं. ती उठली, की ते उठायचं. ती गेली, की ते रडायचं.

नखुलीच्या पोटात दोन दिवस दाणा नव्हता. दाणा नाही, म्हणून दूध नाही. दाणा आणायला जायचं, तर पिलाला एकटं निजवायला हवं. आणि एकटं निजायला ऊब हवी.

म्हणून नखुलीनं कापूस आणला. एवढासा कापूस. दवानं तो ओला झाला होता. तिनं तो बिळाच्या तोंडाशी उन्हात ठेवला.

भुर्रर्र! वारा आला. कापूस उडाला. बाभळीच्या काट्याला अडकला.

"निज रे राजा. आलेच मी," नखुली म्हणाली.

पिलू निजलं नाही. चीं. चीं. चीं.

तुरूतुरू, तुरूतुरू. नखुली बाभळीकडे गेली.

"बाभळी, बाभळी, कापूस सोड. माझं पिलू एकटं निजेना."

बाभूळ म्हणाली, "मी कुठे अडवलाय? शेळीनं माझी फांदी ओढून धरलीय. मला हलता येईना. शेळी फांदी सोडील, तर मी कापूस सोडीन."

तुरूतुरू, तुरूतुरू. नखुली शेळीकडे गेली.

"शेळीताई, शेळीताई, फांदी सोड. बाभूळ कापूस सोडीना. माझं पिलू एकटं निजेना."

शेळीच्या तोंडात फांदी होती. ती दातांतूनच बोलली.

"म्म्म. फांदी सोडू, आणि खाऊ काय? तुझ्या मिशा? या दाव्यानं मला इथंच बांधलंय. दुसरं काही तोंडाला लागत नाही. दावं मला सोडील, तर मी फांदी सोडीन."

बिळातून आवाज आला. चीं. चीं. चीं.

तुरूतुरू, तुरूतुरू. नखुली दाव्याकडे गेली.

"दाव्या, दाव्या, शेळी सोड. शेळी फांदी सोडीना. बाभूळ कापूस सोडीना. माझं पिलू एकटं निजेना."

दावं ताणलेलं होतं. करकर वाजत होतं. ते म्हणालं, "इकडून शेळी ओढते, तिकडून खुंटा ओढतो. मला कुणी विचारतं का? खुंटा मला सोडील, तर मी शेळी सोडीन."

तुरूतुरू, तुरूतुरू. नखुली खुंट्याकडे गेली.

"खुंटेराव, खुंटेराव, दावं सोडा. दावं शेळी सोडीना. शेळी फांदी सोडीना. बाभूळ कापूस सोडीना. माझं पिलू एकटं निजेना."

खुंटा म्हणाला, "मला हलता येत नाही. माती मला सोडील, तर मी दावं सोडीन."

बिळातून आवाज आला. चीं. चीं.

दोनदाच आला.

तुरूतुरू, तुरूतुरू. नखुली मातीपाशी वाकली.

"मातीमाई, मातीमाई, खुंटा सोड. खुंटा दावं सोडीना. दावं शेळी सोडीना. शेळी फांदी सोडीना. बाभूळ कापूस सोडीना. माझं पिलू एकटं निजेना."

माती तडकली होती. तिचा आवाजही कोरडा होता.

"कशी सोडू, पोरी? वाळून दगड झालेय मी. माझं अंग आखडलंय. घागर पाणी सोडील, तर मी खुंटा सोडीन."

तुरूतुरू, तुरूतुरू. नखुली घागरीकडे गेली. घागर एका घराच्या दारात होती.

"घागरबाई, घागरबाई, पाणी सोड. माती खुंटा सोडीना. खुंटा दावं सोडीना. दावं शेळी सोडीना. शेळी फांदी सोडीना. बाभूळ कापूस सोडीना. माझं पिलू एकटं निजेना."

घागर हसली. डुबुक, डुबुक.

"सकाळपासून भरून बसलेय. मला कलती कोण करणार? तू? दोन नखांनी? घरातली सगुणा उठेल, तर मी पाणी सोडीन."

बिळातून आवाज आला. चीं.

एकदाच आला.

तुरूतुरू, तुरूतुरू. नखुली घरात शिरली.

घरात सगुणा बसली होती. तिच्या पुढ्यात झोळी होती. झोळीत बाळ होतं. शेजारी आणखी एक झोळी होती. ती रिकामी होती. तिच्यातलं बाळ थंडीत गेलं होतं. रिकामी झोळी कुणी हलवत नाही. ती नुसती टांगलेली होती.

"सगुणाबाई, सगुणाबाई, उठा हो. घागर पाणी सोडीना. माती खुंटा सोडीना. खुंटा दावं सोडीना. दावं शेळी सोडीना. शेळी फांदी सोडीना. बाभूळ कापूस सोडीना. माझं पिलू एकटं निजेना."

"श्श! हळू बोल," सगुणा म्हणाली. "माझंही बाळ एकटं निजत नाही गं. सकाळपासून बोट धरून बसलंय. चूल पेटली नाही. शेळीला पाणी दाखवलं नाही. बाळ बोट सोडील, तर मी उठेन."

तुरूतुरू, तुरूतुरू. नखुली झोळीवर चढली. बाळाच्या कानाशी गेली.

"बाळा, बाळा, बोट सोड. सगुणा जागची उठेना. घागर पाणी सोडीना. माती खुंटा सोडीना. खुंटा दावं सोडीना. दावं शेळी सोडीना. शेळी फांदी सोडीना. बाभूळ कापूस सोडीना. माझं पिलू एकटं निजेना."

बाळ काही बोललं नाही.

नखुलीनं कान दिला. बिळातून आवाज आला नाही.

पुन्हा कान दिला. आवाज नाही.

 नखुलीनं बाळाकडे बघितलं. बाळाचे डोळे मिटले होते. त्याची मूठ उघडी होती. त्यानं काही धरलंच नव्हतं. सगुणानंच त्याचा हात धरला होता. बाळाचा डोळा लागला, की ती हात हलवून बघायची. बाळ दचकायचं. जागं व्हायचं. रडायचं.

आताही ती हात हलवणार होती.

"हलवू नका," नखुली म्हणाली. "बाळानं तुमचं बोट सोडलंय. तुम्हीच बाळाला धरलंय."

सगुणा रिकाम्या झोळीकडे बघत राहिली.

"त्याचा हात मी सोडला होता," ती म्हणाली. "पाणी आणायला गेले होते. एवढंच."

"माझी चार गेली," नखुली म्हणाली. "मी धरून बसले होते. तरी गेली."

 मग सगुणानं हात काढून घेतला. हळू. एक बोट. मग दुसरं बोट.

बाळ कुरकुरलं. ऊं ऊं. त्यानं मान वळवली. आपलाच अंगठा तोंडात घातला. चुटूचुटू. पोट वर आलं, खाली गेलं. वर आलं, खाली गेलं.

बाळ निजलं.

सगुणा उठली. तिनं घागर उचलली. खुंट्याच्या बुडाशी कलती केली. बुडबुड, बुडबुड.

घागरीनं पाणी सोडलं. मातीनं खुंटा सोडला. खुंट्यानं दावं सोडलं. दाव्यानं शेळी सोडली. शेळीनं फांदी सोडली. सट्! फांदी वर गेली. बाभळीनं कापूस सोडला.

नखुलीनं कापूस तोंडात धरला. तुरूतुरू, तुरूतुरू, तुरूतुरू. वाटेत थांबली नाही.

पिलू बिळात गप्प पडलं होतं. गार झालं होतं. नखुलीनं त्याची पाठ चाटली. ते हललं नाही. पोट चाटलं. हललं नाही. पुन्हा चाटलं. पुन्हा, पुन्हा.

मागचा एक पाय जरासा हलला.

नखुलीनं कापूस लावला. खालून लावला. वरून लावला. नाक तेवढं उघडं ठेवलं. हळूहळू ऊब आली. पिलानं पंजा पुढे केला. आईची मिशी धरली.

नखुली तशीच बसली. बाहेर ऊन उतरत होतं. पोटात दाणा नव्हता. दूध नव्हतं. आता निघाली नाही, तर पिलूही राहणार नव्हतं, आणि तीही.

पिलाचा पंजा सैल झाला. मिशी सुटली.

तरी नखुलीला उठता येईना. तिनं मागे बघितलं. तिची शेपटी पिलाभोवती होती. घट्ट. दोन वेढे.

तिनं एक वेढा सोडवला. मग दुसरा.

पिलू चुळबुळलं. त्यानं नाक कापसात खुपसलं. आणि निजलं. एकटं.

"येते हं," असं नखुलीला म्हणायचं होतं. म्हटलं असतं, तर ते जागं झालं असतं.

ती पाय न वाजवता बिळाबाहेर गेली.