शिरस्त्राणाला पडलेलं भोक

“पण गुरुजी, त्यानं मूर्ती का नेली नाही?”

स्तासानोरनं हे तिसऱ्यांदा विचारलं. गुरू झोइलोस आपल्या छिन्न्या पुसत राहिले.

प्राचीन सायप्रसमधल्या एका चुनखडीच्या खाणीशेजारी झोइलोसांची मूर्तिकलेची शाळा होती. ओनासास नावाच्या मेंढपाळानं तिथे आपल्या मुलाचं मस्तक घडवायला सांगितलं होतं, देवळात ठेवण्यासाठी. मुलगा सैन्यात गेलेला. नमुना म्हणून त्याचं काशाचं शिरस्त्राण बाप तिथे ठेवून गेला होता.

स्तासानोर तीन महिने खपला. शिरस्त्राणाच्या गालपट्ट्या अशा उतरल्या की शेजारच्या खाणीतले पाथरवट मुद्दाम बघायला आले.

आज सकाळी ओनासास आला. मूर्तीच्या डाव्या कानशिलावरून त्यानं एकदा हात फिरवला आणि ती तिथेच सोडून निघून गेला.

“काय कमी आहे तिच्यात?”

“नमुना जसाच्या तसा उतरवलास?”

“त्याहून सरस. कानशिलापाशी भोक पडलं होतं, ते मी दगडात ठेवलंच नाही. देवापुढे फुटकं कसं ठेवायचं?”

झोइलोस उठले. कोपऱ्यातलं शिरस्त्राण आणून त्यांनी त्याच्या हातात दिलं.

“घाल.”

तीन महिने त्यानं ते दोरीनं चहूबाजूंनी मापलं होतं. डोक्यावर मात्र एकदाही चढवलं नव्हतं. ते घट्ट बसलं. आत काळोख होता आणि जुन्या घामाचा वास...

तेवढ्यात डाव्या कानशिलाला काहीतरी गार टेकलं.

गुरूंचं बोट. भोकातून आत आलेलं.

स्तासानोर जागच्या जागी थिजला. मुलगा कुठे आहे, हे बापानं सांगितलं नव्हतं... आणि तीन महिन्यांत त्यानंही कधी विचारलं नव्हतं.

कसंबसं त्यानं शिरस्त्राण उतरवलं. तो मूर्तीपाशी गेला, छिन्नी दगडी कानशिलावर टेकवली आणि हातोडा उचलला.

झोइलोसांनी त्याचं मनगट धरलं.

“पण गुरुजी, खरं तर ते भोकच आहे...”



मग गुरूंनी त्याच्या हातातली छिन्नी काढून घेतली.

“ते भोक बापाला ठाऊकच आहे. ओनासासच्या घरी जा. पोरगा हसायचा कसा, ते विचारून ये.”